खांद्यातली पट्टी कोणत्या जनावराची?

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या शिवारात जुलै लागला की पाठीवर फवारणीचा पंप चढतो. सोळा लिटरची टाकी भरली की पंपासकट वीस किलोच्या आसपासचं ओझं दोन खांद्यांवर लटकतं. एका हाताने दांडा हापसायचा, दुसऱ्याने नळी फिरवायची. पुढे सोयाबीनची सोंगणी येते, मक्याची कणसं खुडायची असतात, कापसाची वेचणी करून गाठोडं डोक्यावर घेत बांधापर्यंत चालायचं असतं. पोती ट्रॅक्टरवर चढवणाऱ्या हमालांचे हात तर बाराही महिने डोक्याच्या वर जातात. या कष्टाचा हिशेब एकरात आणि क्विंटलात होतो, खांद्यांचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

पन्नाशी ओलांडली की तक्रारी सुरू होतात. खवाट्यात कळ मारते, त्या कुशीवर रात्री झोपता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना जीव जातो. बाया सांगतात, वेणी घालायला हात मागे जात नाही. आधी तेल लावून चोळणं होतं, मग कुणी बिब्ब्याचा चटका देतं, मग दवाखान्यातलं दुखणं थांबवणारं इंजेक्शन. बुलढाण्याला किंवा संभाजीनगरला जाऊन एमआरआय होईपर्यंत कित्येक महिने उलटलेले असतात, आणि तेव्हा कळतं की खांद्याच्या कंडरेला फाट पडली आहे.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट, पांढरा बंध. खांद्याच्या सांध्याभोवती अशा चार स्नायूंच्या कंडरा मिळून एक वेढा तयार होतो, त्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. हात वर उचलताना आणि फिरवताना दंडाच्या हाडाचं गोल डोकं जागेवर धरून ठेवायचं काम या वेढ्याचं. त्यातली वरची, सुप्रास्पायनॅटस नावाच्या स्नायूची कंडरा सर्वात जास्त फाटते. तिला रक्तपुरवठा बेताचा, वरचं हाड जवळ, आणि वयाबरोबर धागे विरत जातात. पडल्यामुळे किंवा एखाद्या झटक्याने ती फाटते हे खरं, पण बहुतेकांच्या बाबतीत ती वर्षानुवर्षं हळूहळू झिजलेली असते.

हे दुखणं किती पसरलेलं आहे याचा उत्तम अंदाज एका गावानेच दिला. जपानमधल्या संशोधकांनी एका खेड्यातल्या ६६४ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. २२.१ टक्के लोकांच्या कंडरेला आरपार फाट होती. चाळिशीपर्यंतच्या लोकांत एकही नाही, पन्नाशीत १०.७ टक्के, सत्तरीत २६.५, ऐंशीच्या घरात ३६.६. यापुढचा आकडा अधिक विचार करायला लावतो: फाट असलेल्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोकांना काहीच त्रास नव्हता. म्हणजे एमआरआयवर फाट दिसली म्हणून तीच दुखण्याचं कारण असेल असं नाही, आणि ती शिवलीच पाहिजे असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अशी तपासणी व्हावी, इतकी ही माहिती आपल्या कामाची आहे.

शिवली तरी ती टिकेल याची खात्री नसते. दुर्बिणीतून बारीक छिद्रं पाडून फाटलेली कंडरा हाडाला पुन्हा बांधण्याची शस्त्रक्रिया आता सर्रास होते. पण २००४ मध्ये अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी मोठ्या फाटी शिवलेल्या १८ रुग्णांची नंतर सोनोग्राफी केली तेव्हा १७ जणांची शिवण उसवलेली निघाली. त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं मात्र कमी झालेलं होतं. कंडरेचं हे वागणं डॉक्टरांना वर्षानुवर्षं छळत आलं आहे. टाके उत्तम असतात, हाडात बसवलेले स्क्रूही पक्के असतात, पण विरलेल्या धाग्यांत जीव नसतो. बाहेरून आणखी घट्ट बांधण्यापेक्षा शरीराकडूनच नवी कंडरा घडवून घ्यावी, या विचारातून जनावरांपासून बनवलेल्या पट्ट्या पुढे आल्या.

आज चर्चेत असलेली पट्टी गाय-बैलांच्या टाचेच्या कंडरेपासून बनते. तिच्यातून पेशी, चरबी आणि इतर प्रथिनं धुऊन काढतात, राहतं ते शुद्ध कोलॅजेन. टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी, सच्छिद्र पट्टी दुर्बिणीतून आत नेऊन फाटलेल्या कंडरेवर अंथरतात आणि बारीक पिनांनी पक्की करतात. ही पट्टी ओझं पेलत नाही. वेलाला मांडव द्यावा तशी ती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना चढायला आधार देते. पेशी आत शिरतात, नवे धागे विणतात आणि साधारण सहा महिन्यांत मूळ पट्टी विरघळून जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोटेशन मेडिकल नावाच्या छोट्या कंपनीने ती घडवली. २०१४ मध्ये तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली आणि २०१७ च्या अखेरीस स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. 'रिजेनेटेन' हे तिचं बाजारातलं नाव.

सुरुवातीचे निकाल लक्ष वेधणारे होते. ऑस्ट्रेलियात १३ रुग्णांच्या अर्धवट फाटलेल्या कंडरांवर ती लावली. तीन महिन्यांत कंडरेची जाडी सरासरी २.२ मिलिमीटरने वाढली, वर्षाने सात जणांची फाट पूर्ण भरलेली दिसली आणि दोन वर्षांत एकाचीही फाट वाढली नाही. तेरा ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. म्हणून स्पेनमधली चाचणी जास्त मोलाची. तिथे १२४ रुग्णांच्या आरपार फाटी शिवल्या, काहींना टाक्यांवर ही पट्टी लावली, काहींना फक्त टाके. कुणाला काय मिळेल हे चिठ्ठीसारखं नशिबावर सोडलं होतं. वर्षाने एमआरआय केला तेव्हा पट्टीवाल्यांत पुन्हा फाटण्याचं प्रमाण ८.३ टक्के होतं, नुसत्या टाक्यांत २५.८ टक्के. फरक मोठा आहे. पण वेदना किती, हात किती चालतो, काम किती होतं हे मोजलं तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

हा शेवटचा निष्कर्ष जाहिरातीत ठळक छापला जाण्याची शक्यता कमी. कष्टकऱ्याला मात्र तोच सर्वात आधी कळायला हवा. एका वर्षात न दिसलेला फायदा पाच-दहा वर्षांनी दिसेलही, कारण न उसवलेली कंडरा पुढे जास्त टिकेल असं मानायला जागा आहे. पण आज तरी पट्टी लावल्याने पहिल्या वर्षी हात अधिक चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याला पुरावा नाही.

अशा पट्टीला विरोध करण्याचं काहीच कारण नाही. जनावराच्या शरीरातून आलेली वस्तू माणसाच्या शरीरात बसवणं ही नवी गोष्टही नाही, आणि त्यात लपवण्यासारखं तर मुळीच काही नाही. म्हणूनच ती सांगून बसवावी. ती कोणत्या जनावरापासून आली, तिने काय साधतं आणि काय साधत नाही, तिच्याशिवाय काय करता येतं आणि ती केवढ्याला पडते, हे रुग्णाला ऑपरेशनच्या आधी, मराठीत, कागदावर कळलं पाहिजे. महाराष्ट्रात हा नियम व्हायला हवा.

कोलॅजेनचं आणि भारताचं नातं जुनं आहे. हे प्रथिन आतून कसं विणलेलं असतं हे शोधलं ते मद्रास विद्यापीठात, गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरणांचे प्रयोग करून १९५४ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की कोलॅजेन तीन पिळदार धाग्यांचं मिळून बनलेलं असतं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोलॅजेन पट्टीच्या मुळाशी ती समज आहे. मधल्या काळात आपण जवळजवळ फक्त गिऱ्हाईक उरलो. अपवाद आहेत, आणि ते आशादायक आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखम भरणारं आवरण तयार केलं, आणि २०२३ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांची त्याला मान्यता मिळाली. प्राणिज ऊतकापासून देशातच असं काही बनू शकतं हे त्यातून सिद्ध झालं. खांद्याच्या कंडरेसाठी असं काम इथे का होऊ नये?

जनावराची पट्टी म्हणून ती आपोआप चांगलीही नसते आणि वाईटही नसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर काही वर्षं डुकराच्या लहान आतड्याच्या थरापासून बनवलेला एक पडदा खांद्यासाठी वापरात होता. कल्पना तीच, पेशी काढून टाकलेला जनावराचा सांगाडा, त्यावर माणसाची कंडरा वाढेल. मोठ्या फाटी असलेल्या ३० रुग्णांवर अमेरिकेत नीट चाचणी झाली आणि २००६ मध्ये निकाल आला: नुसते टाके घातलेल्या १५ पैकी ९ जणांची कंडरा जुळली, पडदा लावलेल्या १५ पैकी फक्त ४ जणांची. ज्याने बरं व्हायचं, त्यानेच नुकसान केलं असावं. ऑस्ट्रेलियात काही रुग्णांच्या खांद्याला जोराची सूज आली, आणि तपासात त्या पडद्यात डुकराचा डीएनए शिल्लक सापडला. म्हणजे 'सगळ्या पेशी काढल्या' हे सांगणं आणि खरोखर काढणं यांत अंतर होतं. सध्याची कोलॅजेन पट्टी त्याहून वेगळी आणि कितीतरी जास्त शुद्ध आहे. तरी या जुन्या प्रकरणातून एक शिस्त घ्यायलाच हवी: चाचणीआधी विश्वास ठेवायचा नाही. भारताच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी निर्जीव प्राणिज ऊतकांपासून बनलेली रोपणं सर्वाधिक जोखमीच्या 'ड' वर्गात टाकली आहेत.

चाचणीची ही शिस्त परकी नाही. धाडच्या शेजारी जालना जिल्हा आहे, आणि त्या जिल्ह्यातलं देहेड हे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं जन्मगाव. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर रायगडमधल्या महाडला राहिले आणि तिथल्याच रुग्णांवर संशोधन करत राहिले. तांबड्या विंचवाच्या विषावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं हे त्यांनी दाखवलं. पुढे घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेलं विंचूविरोधी सीरम आलं. ते देशातच बनतं, जनावरापासून येतं, जीव वाचवायला दिलं जातं, तेव्हा डोळे मिटून वापरावं असं त्यांनी म्हटलं नाही. ७० रुग्णांना दोन गटांत वाटून त्यांनी चाचणी केली आणि २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. सीरम आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी १० तासांत बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन मिळालेले १७.७ तासांत. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयाला हे जमलं. मोठ्या रुग्णालयांनी खांद्याच्या पट्टीबाबत त्याहून कमी का करावं?

त्या सीरमची आठवण आणखी एका कारणाने महत्त्वाची. सर्पदंशावरचं प्रतिविषही घोड्यांपासून बनतं, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राला पुरवलं. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. जुने कॅटगट टाके मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्याचे. हृदयाच्या काही झडपा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतकाच्या. मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात येईपर्यंत मधुमेही लोक डुकराचं आणि गुरांचं इन्सुलिन टोचून घेत होते. यातलं बरंच काही रुग्णाला न सांगता दिलं गेलं. साप चावलेल्या माणसाला घोडा की दुसरं जनावर हे विचारायला वेळ नसतो, त्यामुळे तिथे ते क्षम्य ठरतं.

खांद्याचं ऑपरेशन तसं नाही. ते तारीख ठरवून होतं, आठ दिवस विचार करायला मिळतात, आणि जनावराविना पर्यायही असतात. धाडसारख्या गावात शेजारी शेजारी राहणारी माणसं वेगवेगळ्या श्रद्धांची आहेत. कुणाला गायीची वस्तू शरीरात नको असेल, कुणाला डुकराची, कुणा शाकाहारी माणसाला कोणत्याच जनावराची. कुणाला यातलं काहीच अडणार नाही, दुखणं जावं एवढंच हवं असेल. या चौघांपैकी कुणाचंही मत चूक ठरवण्याचा डॉक्टरांना अधिकार नाही आणि तशी गरजही नाही. डॉक्टरांनी सांगायचं, रुग्णाने ठरवायचं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आणणारा कायदा लागू केला, त्यावर राज्यभर चर्चा झाली. त्याच राज्यात गाय-बैलांच्या कंडरेपासून बनलेलं रोपण नाव न घेता बसवलं गेलं आणि ते उद्या कळलं, तर रुग्णाला फसवल्यासारखं वाटेल आणि चांगल्या उपचारावरचा विश्वासही जाईल. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ज्यू, मुस्लिम आणि हिंदू धर्मगुरूंना प्राणिज शस्त्रक्रिया-साहित्याबद्दल विचारून जे लिहिलं, त्यातूनही हेच पुढे आलं की श्रद्धांची दखल घ्यायची तर साहित्याचा उगम आधी सांगावा लागेल.

कायदाही याच बाजूला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केलं की संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मवर घाईत घेतलेली सही या कसोटीला उतरत नाही. घरचं कुणीतरी 'डॉक्टरसाहेब, तुम्हीच बघा' म्हणतं, म्हणून माहिती देण्याची जबाबदारी संपत नाही.

किमतीबद्दलही असंच उघड बोलायला हवं. आयात केलेली रोपणं शेतमजुराच्या आवाक्यात नसतात, आणि ऑपरेशन टेबलावर गेल्यावर 'एक खास पट्टी लावली तर बरं' असं बाहेर उभ्या नातेवाइकांना सांगितलं की नकार द्यायची हिंमत कुणाची होत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातल्या, तेव्हा तोवर रुग्ण किती जास्त मोजत होते हे देशाला कळलं. खांद्याच्या रोपणांकडेही त्याच नजरेने पाहावं लागेल. डॉ. बावस्करांचं नाव इथेही येतं. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश धाडला, तो त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पट्टी सुचवणाऱ्या डॉक्टराचा तिच्या विक्रीशी काहीही संबंध नाही, हे रुग्णाला निःशंकपणे कळलं पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षण जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत वाढलं आहे. शस्त्रक्रिया त्यात बसते का, पट्टी त्यात आहे का आणि खिशातून किती जाणार, हे भरती होण्याआधी लेखी मिळावं.

पर्यायाबद्दल तर सर्वात कमी बोललं जातं, कारण तो विकता येत नाही. अमेरिकेत काही संस्थांनी मिळून दुखापतीशिवाय आरपार फाट पडलेल्या ४५२ रुग्णांना आधी शस्त्रक्रिया न देता ठरवून दिलेला व्यायाम दिला. दोन वर्षांत शस्त्रक्रियेची पाळी आलेले रुग्ण एकचतुर्थांशापेक्षाही कमी निघाले. खांद्याचं पातं मागे खेचणं, दोरी किंवा रबरी पट्टा ओढणं, भिंतीवर बोटांनी हात वर चढवणं, असे हे व्यायाम आहेत. कुणीतरी ते नीट शिकवावे लागतात, आणि मजुरी बुडवून महिनोनमहिने शहरात जाणं धाडच्या मजुराला परवडत नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस गावातल्या सरकारी दवाखान्यात बसला तर कितीतरी खांदे ऑपरेशनविना चालू राहतील. मात्र पडून किंवा झटक्याने अचानक कंडरा तुटली आणि हात उचलणंच बंद झालं, तर व्यायामात महिने घालवू नयेत. अशा रुग्णाने लवकर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं, कारण उशीर झाला की स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते आणि मग ना टाके टिकत ना पट्टी.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. अकोल्याचं महाविद्यालय आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय सोबत घेऊन शेतकरी आणि हमालांच्या खांद्यांची नोंदवही त्याला उघडता येईल. कुणाला व्यायाम दिला, कुणाला टाके, कुणाला पट्टी, आणि दोन वर्षांनी कोण कामावर परतलं, हे लिहीत गेलं की पट्टी आपल्या लोकांना किती उपयोगी आहे हे परदेशी रुग्णांवरून ताडत बसावं लागणार नाही. त्याआधी करण्याजोगं काम त्याहून सोपं आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक पानाचं मराठी संमतीपत्र तयार करावं. रोपण कोणत्या जनावराचं, शरीरात किती काळ राहतं, कोणत्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि निकाल काय लागला, किंमत किती, आणि रोपण नको असेल तर काय करता येईल, एवढं त्यावर असावं. रुग्णाला ते ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधी घरी नेऊ द्यावं, म्हणजे घरच्यांना वाचून दाखवता येईल आणि शंका असेल तर पुन्हा येऊन विचारता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मंत्रालयाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.